हिवाळ्यात नॉर्डिक वॉकिंग : विदर्भातल्या गावात सुरुवात कशी करावी

दोन्ही हातांत एकेक काठी घ्यायची, ती मागच्या बाजूला जमिनीत रेटायची आणि त्या रेट्यावर अंग पुढे न्यायचं, असं भरभर चालणं म्हणजे नॉर्डिक वॉकिंग. मूळ फिनलंडचं. बर्फावर स्की घालून लांब पल्ल्याच्या शर्यती लढवणारे तिथले खेळाडू उन्हाळ्यात बर्फ वितळला की सराव तुटू नये म्हणून काठ्या घेऊन चालायचे. १९९७ मध्ये खास अशा चालण्यासाठी बनवलेल्या काठ्या तिथल्या बाजारात आल्या आणि खेळाडूंचा हा सराव साध्या माणसांनी उचलला.

आपल्याकडे बर्फ नाही, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत यासाठी विदर्भातल्या खेड्याइतकी सोयीची जागा शोधून सापडायची नाही. सपाट शिवार, मुरमाचे रस्ते, कोरडी हवा, आणि आठ वाजता अंगावर येणारं कोवळं ऊन. बाकीच्या महिन्यांत एक तर चिखल, नाहीतर जीव काढणारं ऊन. म्हणून सुरू करायचं असेल तर हिवाळ्यातच करा.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. काही हिवाळ्यांपासून अशी चालते आणि आमच्या बचत गटातल्या काही जणींना सोबत घेऊन शिकवलंही. शिकताना जी माहिती हाती लागली ती सगळी बर्फाच्या देशातली होती. रात्रीच्या ओलितानं पांदणीवर, म्हणजे वावराकडे जाणाऱ्या वाटेवर, पाणी फुटलं तर काय करायचं, पदराचं काय करायचं, काठी पाहून कुत्री अंगावर आली तर काय, हे कुठंच नव्हतं. तेच इथं क्रमानं सांगते.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की करा. ही काठी टेकायची नाही, ढकलायची आहे. आजोबांची काठी पावलाच्या पुढे पडते आणि अंगाचा भार घेते. ही काठी पुढच्या पावलाच्या मागे पडते आणि अंगाला रेटा देते. नव्या माणसाच्या बहुतेक अडचणी हा फरक न कळल्यानं होतात.

फायदा किती? अमेरिकेत डॅलसच्या कूपर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००२ मध्ये माणसांना त्याच वेगानं आधी काठ्यांशिवाय आणि मग काठ्या घेऊन चालवलं. काठ्या घेतल्यावर शरीराचा ऑक्सिजनचा खप सरासरी २० टक्क्यांनी वाढला. दंड, खांदे, पाठ, पोट यांनाही काम लागतं, म्हणून असं होतं. गुडघ्यांबद्दल मात्र जपून बोललेलं बरं. काठ्यांनी गुडघ्यावरचा भार किती कमी होतो याबाबत अभ्यासांचं एकमत नाही. "गुडघेदुखी पळून जाईल" असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

आणि हे कोणासाठी नाही तेही सांगते. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला संध्याकाळी चालायला चला म्हणणं म्हणजे चेष्टा आहे. तिला खाट हवी असते. हे आहे दुकानात, शाळेत, ग्रामपंचायतीत, नाहीतर शिलाई मशीनवर बसून दिवस काढणाऱ्यांसाठी. शुगर-बीपीच्या गोळ्या सुरू झालेल्यांसाठी. आणि वावरातलं काम सुटल्यावर अंग जड झालेल्या साठीतल्या मंडळींसाठी.

१. आधी तब्येतीचा अंदाज घ्या

बीपी, हृदयाचा त्रास, दमा, शुगर, नुकतंच झालेलं ऑपरेशन, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं, आणि अशात पहाटे पाचला उठून एकदम जोरात चालणं हृदयाला झेपत नाही. अशांनी ऊन वर आल्यावरच निघावं.

शुगरची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर उपाशीपोटी निघू नका आणि खिशात गुळाचा खडा किंवा चार-दोन गोळ्या-चॉकलेट ठेवा. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला की तिथंच थांबून खायचं. घरी आल्यावर तळपाय उजेडात पाहायचे. शुगरमुळे पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला बाभळीचा काटा रुतलेला कळत नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे, जी बाहेरच्या कोणत्याही माहितीत सापडत नाही. सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर इथल्या कितीतरी घरांत हा आजार आहे. गारठा, कमी पाणी आणि अति दमणूक या तिन्हींनी सिकलसेलच्या रुग्णाला दुखण्याचा झटका येऊ शकतो. ज्याला हा आजार आहे त्यानं डॉक्टरांची परवानगी घ्यावी, दहाच्या उन्हात हळूहळू चालावं, तहान नसली तरी पाणी प्यावं आणि दुसऱ्याच्या वेगाशी बरोबरी करू नये.

२. काठ्या कोणत्या घ्यायच्या

फसगत होते ती इथंच. नागपूर-अमरावतीच्या खेळाच्या दुकानात काय किंवा मोबाईलवर मागवताना काय, समोर येतात त्या बहुतेक ट्रेकिंगच्या काठ्या. वर नाव काहीही लिहिलेलं असो, फोटो मोठा करून पाहा.

नॉर्डिक काठीची मूठ बारीक आणि सरळ असते. तिला पट्टा असतो तो अर्ध्या हातमोज्यासारखा, अंगठा घालायला वेगळी जागा असलेला, मनगटावर चिकटपट्टीनं (वेल्क्रोनं) आवळायचा. खाली लोखंडी टोक आणि त्यावर चढवायचा तिरपा रबरी बूट असतो. ट्रेकिंगच्या काठीची मूठ जाड असते, पट्टा म्हणजे नुसता सैल फास, आणि खालचं रबर गोल.

सगळा फरक त्या पट्ट्याचा आहे. काठी मागे गेल्यावर आपण मूठ सोडतो, आणि रेटा तळहातानं पट्ट्यावर देतो. पट्टा नीट नसेल तर मूठ सोडली की काठी पडते, म्हणून माणूस ती घट्ट धरून ठेवतो आणि आठवड्यात कोपर दुखायला लागतं.

अॅल्युमिनियमची काठी पुरते. कार्बनची हलकी असते, हाताला कमी हादरे देते, पण दगडांत अडकून आडवा मार बसला तर तडकू शकते. घरात दोघं-तिघं वापरणार असाल तर लांबी कमी-जास्त होणारी घ्या, आणि त्यातही बाहेरून खटका दाबून बसणारी. पिळून घट्ट करायच्या काठीत आपली धूळ गेली की ती चालता चालता आत सरकते.

पैसे घालायच्या आधी जमतं का ते पाहायचं असेल तर बांबू आहेच. मानवेल बांबूची भरीव, वाळलेली, अंगठ्याएवढी जाड काठी पुष्कळ हलकी असते. दोन सारख्या लांबीच्या कापून घ्या, पेरं घासून गुळगुळीत करा, खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा तारेनं बांधा. हाताची लय यावर छान शिकता येते. मागे रेटून मूठ सोडणं मात्र जमणार नाही, त्यासाठी पट्ट्याची काठीच लागते.

ज्यांचा तोल जातो, ज्यांना आधाराशिवाय चालायची भीती वाटते, त्यांनी नॉर्डिक काठीच्या मागे लागू नये. त्यांना ट्रेकिंगची किंवा साधी आधाराची काठीच बरी.

३. लांबी मोजा

तुमची उंची सेंटिमीटरमध्ये घ्या आणि ०.६८ नं गुणा. काठ्या साधारण पाच-पाच सेंटिमीटरच्या फरकानं मिळतात, म्हणून जवळचा आकडा धरा. १५० सेंटिमीटरच्या बाईला १००, १६५ च्या माणसाला ११०, १७५ च्या माणसाला १२०. बूट घालून, काठी अंगाजवळ उभी धरून मूठ पकडली की कोपर साधारण काटकोनात यायला हवं. दोन मापांच्या मधे अडकलात तर लहान घ्या. लांब काठी नव्या माणसाचे खांदे वर उचलते आणि मान धरते.

४. अंगावर आणि सोबत काय

आपली थंडी विचित्र आहे. सकाळी दहा अंश आणि दुपारी अठ्ठावीस. २९ डिसेंबर २०१८ ला तर नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्यामुळे एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे घाला. आत घाम लवकर वाळणारा टी-शर्ट, वर पातळ स्वेटर, सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट. सुती बनियन घामानं ओली झाली की थांबल्यावर अंगात हिव भरतं. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दारातच ऊबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत उकडायला लागेल.

शाल पांघरून हे चालणं जमत नाही, हात अडतात. साडी नेसायची असेल तर घोट्याच्या वर नेसा, आणि पदर पाठीमागून पुढे घेऊन कमरेला घट्ट खोचा, कारण प्रत्येक पावलाला हात कमरेजवळून मागे जातो आणि सुटा पदर मुठीत येतो. आमच्या गटात एकजण साडीवरच चालते आणि उत्तम चालते. बाकीच्यांनी पंजाबी ड्रेस आणि ओढणीला गाठ असा तोडगा काढला.

बूट पुढून वाकणारे, खाली खाचा असलेले. कॅनव्हासचे नकोत, दवानं पाच मिनिटांत चिंब होतात. चप्पल-सँडलवर तर मुळीच नको.

सोबत असू द्या : कानटोपी किंवा रुमाल, पाण्याची बाटली कमरेला (हात मोकळे हवेत), मोबाईल, धुकं असेल तर चमकणारी पट्टी किंवा पांढरा कपडा, आणि एका चिठ्ठीवर तुमचं नाव, रक्तगट, घरचा नंबर आणि चालू गोळ्यांची नावं. डॉक्टरांच्या कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवला तरी चालतो, पण मोबाईलला लॉक असेल तर चिठ्ठीच कामी येते. रुग्णवाहिकेसाठी १०८ घरच्यांनाही पाठ हवा.

५. वेळ आणि वाट

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो. साडेसात ते नऊ ही उत्तम वेळ. संध्याकाळी जाणार असाल तर चारला निघा, पावणेसहापर्यंत सूर्य मावळतो आणि मग अंधार झपाट्यानं पडतो. पहाटेचं खूळ सोडा. थंड हवा जमिनीलगत बसलेली असते, आणि शेकोट्यांचा, चुलींचा, पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) पेटवल्या असतील तर त्यांचा धूर तिच्यातच अडकतो. ऊन तापलं की तो उठतो. दमेकऱ्यांनी नाकावरून रुमाल बांधावा आणि कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आसपासचा रस्ता टाळावा.

वाटेचं म्हणाल तर मुरमाचा रस्ता पहिल्या नंबरचा. टोक नीट रुतते, घसरत नाही, पायालाही बरं. कालव्याच्या पाळीवरची वाट सपाट आणि दणकट असली तर तीही चांगली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे माजी मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत, त्यांच्या पाळीवर चढ-उताराचा सराव होतो. आम्हा सपाटीवरच्यांना चढ शोधावा लागतो.

पांदण दिसायला सुंदर, पण काळ्या मातीची असेल तर भरवसा नाही. रब्बीत गव्हा-हरभऱ्याला रात्रीच्या लाईनवर पाणी सोडतात, ते धुरा (बांध) फोडून पांदणीवर येतं, आणि सकाळी वरून कोरडी दिसणारी माती आतून लोण्यासारखी असते. बुटाला किलोभर चिखल चिकटतो आणि काठीचं टोक बाहेर येत नाही. संध्याकाळी वाटेत भेटलेल्या कास्तकाराला विचारून ठेवा, आज ओलीत कुठं आहे. अवकाळी पाऊस झाला तर दोन-तीन दिवस पांदणीचं नाव काढू नका. माती वाळून भेगा पडल्या असतील तर टोक भेगेत अडकून मनगटाला हिसका बसतो.

डांबरी रस्त्यावर जायचं झालं तर लोखंडी टोकावर रबरी बूट चढवायचा. त्याचं नाक मागच्या बाजूला असलं पाहिजे. पुष्कळजण ते पुढे करून घालतात, कारण बूट म्हटल्यावर नाक पुढेच असणार असं वाटतं. रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चालायचं. कापसाच्या गाड्या भरून बाहेर लोंबत असतात, त्या आल्या की खाली उतरून थांबा.

६. तंत्र : पाच पायऱ्या

निघण्याआधी अंगणात पाच-सात मिनिटं अंग मोकळं करा. काठ्यांचा आधार घेऊन पाय मागे-पुढे झुलवा, अर्धी बैठक मारा, एक काठी खांद्यावर आडवी धरून कंबर दोन्हीकडे वळवा. थंडीत स्नायू आखडलेले असतात, हे टाळू नका.

पहिली पायरी. दोन्ही काठ्या मधोमध पकडा, जमिनीला न लावता, आणि रोजच्यासारखं चाला. हात आपोआप कसे हलतात त्याकडे लक्ष द्या. उजवा पाय पुढे जातो तेव्हा डावा हात पुढे जातो. निसर्गानं शिकवलेलंच आहे, तुम्ही फक्त ते बिघडवायचं नाही.

दुसरी पायरी. पट्टे नीट चढवा. पट्ट्यांवर डावा-उजवा असं लिहिलेलं असतं. आता मुठी सोडून द्या, हात लोंबते ठेवा आणि काठ्या मागे फरफटू द्या. टोकं मातीवर खर्र-खर्र ओढली जातील. लोक बघतील. बघू द्या. पहिले दोन-तीन दिवस फक्त एवढंच करा. आमच्यातल्या ज्यांनी ही पायरी गाळली त्यांना पुढे महिनाभर हात-पायाचा मेळ बसला नाही.

तिसरी पायरी. फरफटत असतानाच हात थोडे लांब हलवा, नमस्कार-चमत्कार झाल्यावर कोणाशी हात मिळवायला पुढे करतो तेवढा, बेंबीच्या उंचीपर्यंत. कोपर जवळजवळ सरळ. कधीतरी टोक आपणहून मातीत रुतेल. ते रुततं ती जागा बघा : पुढच्या पायाच्या टाचेच्या आसपास, कधीच पावलाच्या पुढे नाही. आणि काठी तिरपी असेल, टोक मागे आणि मूठ पुढे. उभी काठी म्हणजे चूक.

चौथी पायरी. आता रेटा द्या. टोक रुतलं की पट्ट्यावर तळहातानं दाब द्यायचा, आणि हात कमरेच्या मागेपर्यंत न्यायचा. रेटा खांद्यातून आणि पाठीतून यायला हवा, नुसत्या मनगटातून नाही. नीट जमलं तर पाऊल आपणहून लांब पडतं आणि कोणीतरी पाठीमागून हलकं ढकलतंय असं वाटतं.

पाचवी पायरी, सगळ्यात अवघड. हात कमरेच्या मागे गेला की मूठ उघडायची. बोटं सैल, काठी पट्ट्यावर लोंबती. पुढे आणताना पुन्हा हलकी धरायची. धर-सोड, धर-सोड. दोन हातांचं हे एकाच वेळी डोक्यात धरू नका. एक आठवडा फक्त उजव्या हाताकडे लक्ष द्या, पुढचा आठवडा डाव्या हाताकडे.

नजर पंधरा-वीस पावलं पुढे. पायाखाली पाहत चाललं की मान वाकते आणि पाठ गोल होते. टाच आधी टेकवा, मग तळवा, मग बोटांनी जमीन सोडा. खांदे कानांकडे चढले आहेत का, हे अधूनमधून तपासा.

नेहमीचा घोळ एकच : उजवा हात आणि उजवा पाय एकदम पुढे जाणं. माणूस विचार करायला लागला की होतंच होतं. विचार करून ते सुटत नाही. थांबा, हात खाली सोडा, काठ्या फरफटत वीस पावलं चाला, लय आपोआप जुळते.

चढावर किंचित पुढे झुकून रेटा वाढवायचा. उतारावर पावलं आखूड, गुडघे थोडे वाकलेले, काठ्या अंगाच्या मागेच.

७. पहिला महिना

पहिल्या आठवड्यात आठवड्यातून तीन-चार दिवस, वीस मिनिटं. नंतर हळूहळू चाळीसपर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे, तिथवर महिना-दीड महिन्यात पोचता येतं. वेग मोजायला घड्याळ नको. बोलता यायला हवं, गाणं म्हणता येऊ नये. पहिल्या आठवड्यात दंडाच्या मागच्या बाजूला आणि बगलेखाली दुखेल, ते चांगलं लक्षण. मनगट, कोपर किंवा मानेच्या मागे दुखलं तर मूठ आवळली जाते आहे किंवा काठी लांब आहे. छातीत दडपण आलं, डाव्या हातात-जबड्यात कळ गेली, अंधारी आली तर थांबा आणि १०८ ला फोन लावा, "ॲसिडिटी असेल" म्हणून घरी चालत येऊ नका.

८. वाटेतल्या अडचणी

लोक. पहिल्या आठवड्यात पारावरून हमखास प्रश्न येतो, "काहून वो बाई, पायाले काई झालं का?" उत्तर लांबवू नका. "नाही काकाजी, व्यायाम आहे" एवढं पुरतं. दोघी-तिघी मिळून निघालं की हा प्रश्न आपोआप विरतो. एकटी बाई दोन काठ्या घेऊन चालली तर गाव बघतं, चौघी चालल्या तर चार दिवसांत कोणी मान वर करत नाही. आता तर तेच काकाजी काठी हातात घेऊन वजन करून पाहतात.

कुत्री. गावातल्या कुत्र्यानं काठी म्हटली की मारच खाल्लेला असतो. कुत्रं गुरगुरलं तर काठी उगारू नका आणि पळू नका. दोन्ही काठ्या एका हातात गोळा करा, टोकं खाली, अंगाला लावून धरा आणि तिरकं, सावकाश पुढे जा. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. हळद-चुना भरू नका.

ढोरं. ढोरकी कळप घेऊन निघाला असेल तर कडेला उभं राहून काठ्या खाली ठेवायच्या. विशेषतः वासरावर असलेली गाय काठी हलताना पाहून बिथरते.

तार. याबद्दल सर्वांत जास्त काळजी घ्या. रानडुकरांसाठी वावराभोवती तारा लावलेल्या असतात. कोणी सोलरचं झटका मशीन लावतं, कोणी बेकायदा थेट विजेची लाईन सोडतं, आणि बाहेरून कोणती ते कळत नाही. अॅल्युमिनियम आणि कार्बन, दोन्हींतून वीज वाहते. त्यात या चालण्यात काठीचं टोक आपल्या पाठीमागे दोन-तीन फूट जातं, जिथं आपली नजर नसते. म्हणून तारेच्या कुंपणालगतच्या धुऱ्यावरून काठ्या घेऊन चालायचंच नाही. रस्ता तिथूनच असेल तर काठ्या उचलून छातीशी धरा. मागून सायकल किंवा पोरं येत असतील तेव्हाही हेच.

वाघ आणि बिबट्या. ताडोबा, ब्रह्मपुरी, नवेगाव-नागझिरा, टिपेश्वर, बोर, पेंच यांच्या आजूबाजूच्या गावांत राहत असाल तर अंधारात आणि धुक्यात निघू नका, कानात इअरफोन घालू नका, एकटे जाऊ नका, आणि जंगलाला लागून असलेल्या पांदणीऐवजी गावाच्या मुख्य रस्त्यावरच येरझाऱ्या मारा. काठी हातात आहे म्हणून धीर चढू देऊ नका. जवळपास पाऊलखुणा किंवा ताजी शिकार दिसली तर परत फिरा आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा.

९. परत आल्यावर

घामाचं जॅकेट आधी बदला, मग चहा. पिंढऱ्या, मांडीची मागची बाजू, खांदे आणि मनगटं दोन-तीन मिनिटं ताणा. मग कोमट पाणी प्या. थंडीत तहान कळत नाही, पण घाम गेलेलाच असतो.

काठ्यांचं काम थोडंच असतं. टोकाला लागलेली काळी माती वाळायच्या आधी पुसा, वाळली की दगडासारखी होते. लांबी बदलणारी काठी आठवड्यातून एकदा उघडून कोरड्या फडक्यानं आतून पुसा, आणि तेल लावू नका, खटका घसरतो. पट्टे साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. रबरी बूट एका बाजूनं झिजून लोखंड दिसायला लागलं की नवीन घ्या. मागवताना काठीच्या खालच्या टोकाची जाडी मोजून घ्या, कारण सगळ्या बुटांचं भोक एका मापाचं नसतं. मार्चमध्ये ऊन तापायला लागलं की काठ्या टिनाच्या छपराखाली किंवा गोठ्यात ठेवू नका, पट्ट्याचा चिकटा आणि रबर दोन्ही उन्हानं खराब होतात. घरात, कपाटामागे, टोकं खाली करून उभ्या ठेवा.